जुनी, जड आणि वळायला हट्टी

घटस्फोटाच्या कागदांवर सह्या व्हायच्या आधीच माझ्या नवऱ्याने मला आमची शिडाची बोट देऊन टाकली, आणि तीसुद्धा भर मेजवानीत. नव्या बोटी विकायची एजन्सी मिळाली म्हणून त्याने ती मेजवानी ठेवली होती. हातात ग्लास घेऊन तो खुर्चीवर चढला आणि म्हणाला, "आमची जुनी बोट मी हिलाच देतोय. दोघींचं छान जमेल. जुनी, जड आणि वळायला हट्टी." चाळीस माणसं खो खो हसली. त्यात माझी सख्खी नणंद होती, जिची दोन्ही बाळंतपणं मी काढली होती. माझी लेकही होती. ती हसली नाही, पण उठून माझ्या शेजारी येऊन बसलीही नाही.

याला सहा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तो विनोद काही शिळा झाला नाही, कारण दरवर्षी बोटींच्या प्रदर्शनात तो नव्याने गरम करून वाढला जायचा. नवी बोट बघायला आलेलं गिऱ्हाईक जरा रेंगाळलं, की हा म्हणणार, "जुनी हवीय? माझ्याकडे होती एक. बायकोबरोबर गेली." बंदर ते केवढंसं, संध्याकाळपर्यंत शब्द न् शब्द माझ्या कानावर यायचा. मी ऐकायचे, शिडं शिवायचे आणि मनात नोंद ठेवायचे.

त्याला सगळे कॅप्टन म्हणतात. कुठल्याही जहाजावर तो कधी कॅप्टन नव्हता. एकदा पांढरी टोपी घातली, ती डोक्यावर शोभली आणि नाव चिकटलं. एकोणीस वर्षं आम्ही दोघांनी त्या जुन्या बोटीवर लोकांना शिडं हाकायला शिकवलं. धक्क्यावर बघणारं कुणी असलं, की सुकाणू त्याच्या हातात. बंदराचा शेवटचा बोया, म्हणजे पाण्यावरची तरंगती खूण, मागे पडला, की "धर गं जरा" म्हणून हा आत जाऊन आडवा. भरती-ओहोटीचं कोष्टक मी बघायचे. कुठे किती पाणी आहे ते मी लक्षात ठेवायचे. तो फक्त हळूच विचारायचा, "आहे का पाणी?" मी म्हणायचे, "आहे." मग तो शिकाऊ मंडळींकडे वळायचा आणि हनुवटी खाजवत म्हणायचा, "माझ्या अंदाजाने जायला हरकत नाही." मंडळी कौतुकाने माना डोलवायची. मी चहा करायला जायचे.

म्हणून बोटींच्या एका मासिकाचा फोन आला तेव्हा माझ्या अंगात एकदम हुशारी आली. त्यांना एक लेख हवा होता, लांबच्या सफरीसाठी बोट जुनी बरी की नवी. एकाच दिवशी, एकाच पाण्यात दोन बोटी बाजूबाजूला चालवायच्या. जुनी म्हणून माझी आणि नवी म्हणून कॅप्टनची. "तुमची हरकत नसेल तर," मासिकवाला चाचरत म्हणाला. त्याला आमचं नातं कुणीतरी सांगितलेलं दिसत होतं. मी म्हटलं, "अहो, हरकत कसली? आनंदच आहे." आणि खरंच आनंद होता. असला आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता.

लेकीला, म्हणजे आमच्या बारकीला, मी त्या रविवारी विचारलं. बारकी आता चोवीस वर्षांची आहे आणि माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, पण नाव तेच. ती बापाच्या शोरूममध्ये काम करते. रविवारी माझ्याकडे जेवायला येते. त्या जेवणात तिच्या बाबांचा विषय काढायचा नाही असं आमचं न बोलता ठरलेलं.

"तू असणार का शनिवारी?" मी विचारलं.

"बघू. बाबांनी गिऱ्हाइकं बोलावलीयत, दातांचे डॉक्टर आणि त्यांच्या मिसेस. आमची चाळीस फुटी घ्यायचं त्यांचं जवळजवळ ठरलंय. मला शोरूमलाच थांबायला सांगतील बहुतेक." मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, भांडू नका हं लोकांसमोर."

"मी कशाला भांडतेय?" मी म्हटलं. भांडायचं नव्हतंच मला. मला त्याला तोंडघशी पाडायचं होतं, त्याच्या गिऱ्हाइकांसमोर, त्याच्याच बोटीवर आणि छापून येईल अशा बेताने.

ती गेल्यावर मी कोष्टक उघडलं. आमच्या खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचा लांब पट्टा आहे. मोठ्या बोटी बाहेरच्या लाल बोयाला वळसा घालून येतात. आम्ही एकोणीस वर्षं पट्ट्यावरून आत घुसायचो, वीस मिनिटं वाचायची. माझी बोट पाण्यात साडेचार फूट उतरते, त्याची नवी सात फूट. त्या शनिवारी दुपारी साडेतीनला पट्ट्यावर साडेपाच फूट पाणी असणार होतं, आणि ओहोटी लागलेली असणार होती.

बोटींची चाचणी संपली की दोघांनी बंदरात परत यायचं होतं. मी आतून घुसणार. कॅप्टन मागे असणार. मी पुढे जाताना दिसले, की तो कोष्टक बघणार नाही. त्याच्या बोटीवर पाण्याची खोली दाखवणारे तीन स्क्रीन आहेत, तेही बघणार नाही. त्याला फक्त माझी पाठ दिसेल. एवढं तर मी नवऱ्याला ओळखते. मग तो वाळूत रुतेल, पुढची भरती येईपर्यंत कुशीवर पडून राहील आणि बंदरातली प्रत्येक फेरीबोट शेजारून जाताना भोंगा वाजवेल. वाळू मऊ आहे, कुणाचा जीव जाणार नाही, असं मी स्वतःला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायची गरज का पडली, हे काही मी स्वतःला विचारलं नाही.

शनिवारी सकाळी धक्क्यावर कॅप्टन पांढरी टोपी घालून हजर होता. दातांचे डॉक्टर गोरेमोरे होऊन नव्या बुटांत घसरत होते. त्यांच्या मिसेस मात्र खमक्या वाटल्या. आणि बारकीही होती, शोरूमचा निळा शर्ट घालून. मला पाहून तिने हात केला. मला जरा खटकलं, पण मनात आलं, बरंच झालं, बापाचा पाणउतारा लेकीने एकदा डोळ्यांनी बघावाच.

मासिकवाला सकाळी कॅप्टनच्या बोटीवर बसला आणि दुपारनंतर माझ्या. तो तिशीतला, सडपातळ, वहीला पेन्सिल दोरीने बांधलेला. पाणी जरा हललं की त्याचा चेहरा पांढरा पडायचा, पण लिहायचं थांबवायचा नाही. मला तो आवडला.

आता खरं सांगते. मी सूड घ्यायला गेले होते, आंधळी व्हायला नव्हे. त्याची बोट चांगली होती. बंदरातून निघतानाच पुढच्या टोकाखालची छोटी मोटर गुरगुरली आणि चाळीस फुटांचं ते धूड जागच्या जागी गर्रकन वळलं. माझी बोट मागे घ्यायची म्हणजे नवस बोलायची वेळ. इंजिन उलटं टाकलं की ती आधी डावीकडे जाते, मग विचार करते, मग पुन्हा डावीकडेच जाते. धक्क्यावरची माणसं आपापल्या बोटींना हात लावून उभी राहिली. कॅप्टन ओरडला, "वळतेय का गं?" मिसेस हसल्या. मी दात काढून हसले.

आतून बघितलं तर त्याच्याकडे तीन खोल्या, दोन संडास, उभं राहून अंघोळ, ओव्हन, फ्रीज आणि खिडक्या एवढ्या मोठ्या की दिवाणखान्यात बसल्यासारखं वाटावं. माझ्याकडे एक बाक, एक स्टोव्ह आणि एक दार, जे लोटलं तर संडास आणि उघडं ठेवलं तर कपाट. वाऱ्याच्या तोंडावर शिडं ताणली तेव्हा तो तासाला सात-साडेसात मैलांच्या वेगाने सुटला आणि मी पाचाच्या वर गेले नाही. तासाभरात त्याचं शीड रुमालाएवढं दिसायला लागलं.

पण मग बेटाच्या पलीकडे तो माझ्यासाठी थांबला, तिथे लाटा उठल्या आणि गंमत सुरू झाली. त्याची बोट रुंद आणि हलकी, तळ सपाट. प्रत्येक लाटेवरून ती पाण्यावर थाडकन आपटत होती, आवाज माझ्यापर्यंत येत होता. माझी जड बाई लाट कापून मधून जायची, वर थोडं पाणी यायचं, बस्स. मी सुकाणूचा दांडा दोरीने बांधला आणि आत जाऊन चहा केला. अकरा मिनिटं कुणी हात लावला नाही आणि बोट सरळ रेषेत चालली होती. त्यांच्याकडे मासिकवाल्याने चाक सोडायला सांगितलं तेव्हा दहा सेकंदांत बोट वाऱ्याकडे तोंड करून फडफडायला लागली, हे त्याने मला नंतर वहीत दाखवलं. मिसेसना उलटी झाली हेही लिहिलं होतं, पण ते छापणार नाही म्हणाला.

बेटाआड नांगर टाकून आम्ही जेवलो, आपापल्या बोटीवर. पाऊण वाजल्यापासून ओहोटी लागली होती. दोन वाजता मासिकवाला वही, कॅमेरा घेऊन माझ्याकडे आला.

"मॅडम, शेवटचा एक फोटो हवाय. दोन्ही बोटी एकदम बंदरात शिरताना. तुमची हळू आहे, तर तुम्ही वीस मिनिटं आधी निघाल का?"

मी काही मागायच्या आधीच मला हवं ते मिळालं. पलीकडून कॅप्टन ओरडला, "वीस कशाला, पाऊण तास घे. आमच्या डॉक्टरांना ताटकळायला लावू नकोस."

"वीस पुरे," मी ओरडले. "बघते कोण आधी पोचतं."

हे वाक्य मी आठवडाभर तोंडात घोळवून ठेवलं होतं. त्याचा चेहरा बदललेला मला इतक्या लांबूनही दिसला.

वारा मागून होता. माझी बोट छान चालली होती. लाल बोया जवळ आला तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. मागे त्याची शिडं मोठी मोठी होत होती. मी बोयाकडे न जाता डावीकडे आत वळले.

"आपण आतून का?" मासिकवाल्याने विचारलं.

"नेहमीचाच रस्ता आहे," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

पट्ट्यावर पाण्याचा रंग बदलतो, चहात दूध जास्त झाल्यासारखा. माझ्या तळाखाली फूटभर पाणी होतं. एकदा कील, म्हणजे बोटीच्या तळाचा कणा, वाळूला चाटून गेलासं वाटलं, पण बोट थांबली नाही. पलीकडे खोल पाण्यात आले आणि मागे वळून बघितलं. तो बोयापाशी पोचला होता. क्षणभर त्याची बोट सरळ गेली. मग तिचं टोक डावीकडे वळलं. आत. माझ्या मागोमाग.

माझं काळीज आनंदाने उडायला लागलं, लपवून काय करायचं? सहा वर्षांचा वचपा निघणार होता. त्याचं तोंड कसं दिसतंय ते बघायला मी दुर्बीण लावली.

चाकाशी कॅप्टन नव्हता. निळा शर्ट होता. बारकी होती. पाय फाकवून उभी, केस वाऱ्यावर आणि नजर नेमकी माझ्यावर. कॅप्टन वर कुठेच दिसत नव्हता. नंतर कळलं, तो डॉक्टरांना फ्रीज उघडून दाखवत होता.

मी रेडिओचा माइक उचलला. अंगठा बटणावर होता. "बारके, बाहेर वळ," एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्दांना वेळ तो कितीसा लागतो? तीन मिनिटं तरी हातात होती.

आणि मी ते म्हटलं नाही. माझ्या डोक्यात त्या वेळी जे आलं ते जसंच्या तसं सांगते: बोट त्याचीच आहे. नाव त्याचंच जाणार. लेकीच्या हातात असली म्हणून काय झालं, अब्रू तर मालकाची जाते. वाळू मऊ आहे. आता बोलले तर सहा वर्षं फुकट जातील, आणि वर मासिकवाला विचारेल, मॅडम, मग तुम्ही आतून का आलात? मी माइक खुंटीवर अडकवला. घाईत अडकवला नाही. नीट अडकवला.

वाळू मऊ असते ती माझ्या बोटीला. माझा कील लांब आणि पुढून उतरता, तो वाळूवर सरकत चढतो. त्या नव्या बोटीचा अरुंद आणि उभा. सातच्या वेगाने आलेली बोट जागच्या जागी थांबली. डोलकाठी पुढे झुकून मागे आली. आवाज नंतर आला, लाकडी पेटी जिन्यावरून पडावी तसा. दुर्बिणीत निळा शर्ट चाकावर पडलेला दिसला.

"अरे बाप रे!" मासिकवाला म्हणाला आणि कॅमेरा उचलला.

मी शिडं पाडली, इंजिन लावलं आणि परत फिरले. पट्ट्याच्या कडेला माझ्याकडे फार तर दहा मिनिटं पाणी होतं. त्यांची बोट एका कुशीवर कलायला लागली होती. मी शेजारी नेऊन दोर फेकला, ओढून बघितलं, ती तसूभर हलली नाही. मग मी एकेकाला माझ्याकडे उतरवून घेतलं. आधी मिसेस आल्या, त्यांच्या कोपराला खरचटलं होतं. त्या माझ्या बाकावर बसल्या, मूठ आपटून म्हणाल्या, "आत फळ्यांखालून पाणी येतंय. एवढीशी वाळू लागली तर बोट फुटते? आम्हाला नको बाई असली." डॉक्टर म्हणाले, "नकोच." मग त्यांनी माझ्या बोटीकडे वरपासून खालपर्यंत असं बघितलं, जसं कधीतरी माझ्या नवऱ्याने बघायला हवं होतं.

हेच हवं होतं मला. शब्द न् शब्द. कॅप्टन तिरक्या बोटीवर दोरी धरून उभा होता, टोपी पाण्यात गेलेली, टक्कल उन्हात चमकत होतं. मी त्याच्याकडे मान वर करून बघितलं आणि एक मिनिट, अगदी पूर्ण एक मिनिट, मला फार गोड वाटलं.

मग तो ओरडायला लागला. माझ्यावर नाही, बारकीवर. "कुणी सांगितलं होतं तुला आत वळायला? दोन मिनिटं चाक दिलं हातात, दोन मिनिटं! नालायक कार्टी! सोमवारपासून शोरूममध्ये पाय ठेवायचा नाही!" डॉक्टर, मिसेस आणि मासिकवाला, तिघंही खाली मान घालून ऐकत होते. शेजारून एक फेरीबोट गेली आणि तिने भोंगा वाजवला.

बारकी शेवटी उतरली. तोंडावर रुमाल होता, लाल झालेला. डॉक्टरांनी तिला स्टोव्हजवळ बसवलं, माझा टॉर्च मागून घेतला आणि तिचं तोंड उघडून बघितलं. पुढचा दात अर्धा तुटला होता, ओठ आतून फाटला होता. "सोमवारी माझ्याकडे ये," ते म्हणाले, "मी बघतो." ती मानेने हो म्हणाली. ती रडत नव्हती. लहानपणी पडली की माझ्या कुशीत शिरून घर डोक्यावर घ्यायची, आणि आता नुसती समोर बसली होती. मी तिच्या हाताला धरलं.

मी इंजिन वाढवून बंदराकडे निघाले. कॅप्टन बचाव बोटीची वाट बघत मागे राहिला. मग मासिकवाल्याने घसा खाकरला. तो फार सभ्य माणूस होता.

"ताई, तुम्हाला बरं वाटत असेल तरच सांगा. मला लेखात लिहावं लागेल. पाण्याच्या खोलीचा अलार्म वाजला नाही का?"

"वाजला की," बारकी म्हणाली. दातामुळे तिचे शब्द नीट फुटत नव्हते. "दोनदा वाजला. मीच बंद केला. बाबांची काही चूक नाही, ते खाली होते. लिहा, चूक माझी आहे."

"पण बंद का केला?"

तिने खांदे उडवले. अगदी साधी गोष्ट विचारल्यासारखं त्याच्याकडे बघितलं. "पुढे आई होती ना. आई गेली म्हणजे पाणी असणारच. मग कशाला बघायचं?"

मासिकवाल्याने ते लिहून घेतलं. दोरीला बांधलेली पेन्सिल हवेत धरून तो माझ्याकडे वळला.

"म्हणजे तुम्हालाही कल्पना नव्हती, मॅडम? त्या आत येतील याची?"

बारकी माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत संशय नव्हता, काहीच नव्हतं, मी काय म्हणते ते ऐकायला ती नुसती थांबली होती.

"नव्हती," मी म्हटलं. त्याने तेही लिहून घेतलं.